दोन तारखांच्या मधले दुखणे

खानदेशात कॅन्सर झालेला माणूस आधी प्रवासी होतो. यावल-रावेरकडचा रुग्ण भुसावळला रात्रीची गाडी धरतो आणि पहाटे दादरला उतरून परळच्या टाटा हॉस्पिटलच्या रांगेत उभा राहतो. साक्री-शिरपूरचा नाशिक गाठतो. चाळीसगाव-पाचोऱ्याकडची बरीच मंडळी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाची वाट धरतात. जळगाव ते मुंबई रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटरच्या घरात. ज्यांची मुंबईत सोय नसते ते दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत पथारी टाकतात. गाठ तपासली जाते, केमो चढते, किरणांचा शेक दिला जातो, आणि फाईलवर पुढची तारीख पडते. ती तीन आठवड्यांनी असते, कधी महिन्याने. मग पिशवीत फाईल, गोळ्यांची पाकिटे आणि एक्स-रेचे लिफाफे घेऊन माणूस गावी परततो.

त्या दोन तारखांच्या मधले दिवस हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. उपचार दवाखान्यात होतो. दुखणे मात्र रुग्णाबरोबर घरी येते. तिथे ते कोणी सांभाळायचे, कसे सांभाळायचे आणि ते त्याला शिकवायचे कोणी, हा प्रश्न जळगाव-धुळ्यात जितका टोकदार आहे तितका तो परळला किंवा पुण्याला नाही, कारण तिथला माणूस रिक्षा करून परत दवाखान्यात जाऊ शकतो.

पैशाची अडचण गेल्या दहा-बारा वर्षांत काहीशी हलकी झाली, हे मान्य केले पाहिजे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ च्या जुलैमध्ये ज्या आठ जिल्ह्यांत सर्वप्रथम सुरू झाली, त्यांत धुळे होते. २०१३ च्या नोव्हेंबरात ती जळगावसह राज्यभर गेली आणि पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालू राहिली. शस्त्रक्रिया, केमो, किरणोपचार या योजनेत बसतात. ज्या घरांनी पूर्वी शेत गहाण टाकले असते त्यांना हा मोठाच आधार आहे. पण योजनेत पॅकेज असते ते उपचाराच्या प्रकाराला. रात्री दोन वाजता कमरेत उठलेल्या कळेला पॅकेज नसते.

ही कळ किती जणांना उठते? जगभरच्या अभ्यासांची एकत्र छाननी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. उपचार चालू असलेल्या रुग्णांपैकी ५५ टक्क्यांना वेदना होत्या आणि आजार पसरलेल्यांपैकी ६६ टक्क्यांना. उपचार संपून बरे झालेल्यांतही ३९ टक्क्यांचे काही ना काही दुखतच होते. भारतात २०२२ या एका वर्षात कॅन्सरच्या १४ लाखांहून अधिक नव्या रुग्णांचा अंदाज आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवले की वेदना ही अपवादाची गोष्ट राहत नाही. ती या आजाराचा नित्याचा भाग आहे, आणि बहुतेकांच्या बाबतीत गोळ्यांनी आटोक्यात येण्यासारखी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच त्यासाठी तीन पायऱ्यांची साधी पद्धत घालून दिली. सौम्य दुखण्याला पॅरासिटामॉलसारखी औषधे, त्याने भागले नाही तर कोडीन किंवा ट्रामाडॉलसारखी, आणि तीव्र दुखण्याला मॉर्फिन. शक्यतो तोंडाने द्या, घड्याळाप्रमाणे द्या, माणूस पाहून द्या. २०१८ मध्ये संघटनेने पायऱ्यांचा हट्ट सैल केला, पण घड्याळाचा आग्रह कायम ठेवला.

आपल्याकडे घरोघरी नियम असतो तो नेमका उलटा. "सहन होईना झालं की घ्या." गोळी जपून वापरायची, दुखणे दाताखाली दाबायचे, आणि अगदी डोळ्यांत पाणी आले की पाकीट उघडायचे. तोवर कळ इतकी चढलेली असते की एका गोळीला ती दाद देत नाही. मग घरचे म्हणतात, गोळी लागू पडत नाही. औषध कमी पडलेले नसते. त्याची वेळ चुकलेली असते.

घड्याळ पाहून औषध देण्याची ही रीत डॉक्टरांच्या परिषदेत जन्मली नाही. ती आली परिचारिकांकडून. सिसिली सॉन्डर्स या इंग्रज बाईंचे नाव वेदनाशमनाच्या इतिहासात पहिले घेतले जाते. त्या मुळात परिचारिका. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी नर्सिंगचे शिक्षण घेतले. पाठीच्या दुखण्यामुळे वॉर्डातले काम झेपेना, म्हणून त्या रुग्णालयात समाजसेविका झाल्या. पुढे वैद्यक शिकून १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या. त्याआधीची कित्येक वर्षे त्या लंडनच्या सेंट ल्यूक्स या मरणासन्न रुग्णांच्या आश्रमात स्वयंसेविका म्हणून जात. तिथल्या नर्सेस दुखायची वाट न पाहता ठरावीक तासांनी मॉर्फिनचे मिश्रण पाजत आणि रुग्ण शांत राहत, शुद्धीवरही राहत. सॉन्डर्सबाईंनी ते डोळ्यांनी पाहिले, डॉक्टर झाल्यावर नोंदींनिशी तपासले आणि १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभारून जगापुढे ठेवले. १९६८ मध्ये मार्गो मॅकॅफ्री या अमेरिकन परिचारिकेने आणखी एक गोष्ट ठामपणे मांडली: दुखणे किती आहे हे ठरवण्याचा अधिकार ज्याचे दुखते त्याचा. नाडी, रक्तदाब, चेहरा पाहून दुसऱ्याने ते ठरवायचे नाही. आज दवाखान्यात विचारतात ना, "शून्य ते दहात किती दुखतंय?" त्या प्रश्नामागे हा विचार आहे.

आता जरा जवळून पाहू. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो. म्हणून वेळा ठरतात त्या अशा: सकाळी ६, सकाळी १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १०. रात्री दहाची मात्रा बहुधा दुप्पट असते, म्हणजे मध्यरात्री उठावे लागत नाही. शिवाय मधेच कळ आली तर घ्यायची जादा मात्रा वेगळी. ती दिवसभरच्या एकूण मात्रेच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढी असते. डॉक्टर हे दोन ओळींत लिहून देतात. त्या दोन ओळी चोपड्याच्या पुढे सातपुड्यातल्या पाड्यावर, जिथे भिंतीवर घड्याळ नाही आणि घरात अक्षरओळख असलेले एकच पोर आहे, तिथे कशा पोहोचवायच्या, हे नर्सचे काम. जाणत्या नर्सेस कागदावर उगवता सूर्य, वर चढलेला सूर्य, डोक्यावरचा सूर्य, मावळता सूर्य आणि चंद्र काढतात. प्रत्येक चित्राखाली गोळी चिकटवतात किंवा तिच्याएवढे ठिपके काढतात. रात्रीच्या चंद्राखाली दोन. मग घरच्या माणसाकडूनच ते उलट वदवून घेतात: "सांगा बरं, दुपारी किती? आणि मधेच दुखलं तर?" हे वदवून घेणे सर्वांत महत्त्वाचे. "समजलं का?" या प्रश्नाला आपल्याकडे सगळेच मान डोलावतात.

दुसरे साधन वही. साधी शाळकरी वही चालते. तारीख, वेळ, दुखणे दहापैकी किती, कोणती गोळी घेतली, तासाभराने दुखणे किती उरले, संडासला झाले का. बस, एवढेच रकाने. फोनवर असा संवाद होतो:

"आबा, काल रात्री दहाला दोन्ही गोळ्या घेतल्या ना?"

"लिधी ना ताई, पन पहाटले कळ उनीच."

"वहीत किती लिहिलंय मग? जादाची गोळी किती वेळा लागली?"

समजा दहा मिलिग्रॅमची गोळी चार तासांनी चालू आहे, म्हणजे दिवसाला साठ. वहीत दिसले की सलग दोन दिवस तीन-तीन जादा गोळ्या लागल्या. म्हणजे गरज साठची नाही, नव्वदच्या आसपास आहे. नर्स हे डॉक्टरांना कळवते, डॉक्टर नियमित मात्रा वाढवतात, आणि पुढच्या तारखेची वाट पाहत तीन आठवडे कण्हत बसावे लागत नाही. वही नसेल तर हाच रुग्ण तीन आठवड्यांनी डॉक्टरांसमोर बसून म्हणतो, "दुखतं बुवा अधूनमधून." रांगेत मागे चाळीस माणसे असतात. त्या उत्तरावर कोणी मात्रा बदलत नाही.

हे नुसते अनुमान नाही. कॅलिफोर्नियात ख्रिस्टीन मियास्कोव्स्की आणि मेरिलिन डॉड या परिचारिका-संशोधकांनी हाडांत कॅन्सर पसरलेल्या, घरी राहणाऱ्या रुग्णांवर काम केले. २००१ मध्ये त्यांनी दाखवले की ठरल्या वेळेच्या मॉर्फिनवर्गीय गोळ्या रुग्ण ८५ ते ९० टक्के पाळतात, पण "लागेल तेव्हा घ्या" म्हणून दिलेल्या गोळ्यांपैकी जेमतेम पाव हिस्सा पोटात जातो. निर्णय रुग्णावर सोडला की रुग्ण सोसतो. २००४ मध्ये त्यांनी 'प्रो-सेल्फ' या कार्यक्रमाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सहा आठवडे नर्स घरी जाई, मधल्या आठवड्यांत फोन करी, गोळ्यांची आठवड्याची डबी भरायला आणि दुखण्याची वही लिहायला शिकवी. त्याहून वेगळी गोष्ट म्हणजे डॉक्टरांशी काय बोलायचे, कोणत्या शब्दांत सांगायचे, याची तालीम करून घेई. नुसती पुस्तिका हाती दिलेल्यांपेक्षा या रुग्णांचे दुखणे लक्षणीय कमी झाले, आणि त्यांना मिळणाऱ्या औषधांच्या चिठ्ठ्याही अधिक योग्य झाल्या. म्हणजे नर्सने रुग्णाला बोलायला शिकवले आणि त्याने डॉक्टरांचे लिहिणे सुधारले. गोळ्यांची डबी इथल्या कोणत्याही मेडिकलवर मिळते. डॉक्टरांपुढे बोलण्याची तालीम मात्र आपल्याकडे कोणी करून घेत नाही, आणि ज्या माणसाला "साहेबांचा वेळ कशाला घ्यायचा" असे मनापासून वाटते, त्याला तिची गरज सर्वांत जास्त आहे.

पण अमेरिकेतले पुस्तक जसेच्या तसे खानदेशात चालणार नाही. इथल्या नर्सला जे शिकवावे लागते त्यातले बरेचसे इथल्याच हवेतून, इथल्याच सवयींतून आलेले आहे.

तोंडाचाच कॅन्सर घ्या. तंबाखू-चुना, गुटखा, मिशरी. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी तो कुठून येतो हे सीमेवरच्या गावांना सांगायला नको. तोंडाच्या आणि घशाच्या रुग्णांचे तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, म्हणून नाकातून नळी टाकलेली असते. घरचे बिचारे सगळ्या गोळ्या खलबत्त्यात कुटून पाण्यातून नळीत सोडतात. साधी मॉर्फिनची गोळी अशी कुटून दिली तर चालते. पण मॉर्फिनचीच दुसरी एक गोळी असते, बारा तास हळूहळू विरघळणारी. ती कुटली तर बारा तासांचे औषध एकदम अंगात जाते आणि श्वास मंदावू शकतो. नाव तेच, रंगरूप वेगळे. हा फरक नर्सने गोळी तळहातावर ठेवून, "ही कुटायची, ही कुटायची नाही" असा दाखवल्याशिवाय कळण्याचा नाही. नळीतून औषध सोडण्याआधी आणि नंतर पाणी सोडून ती धुवावी लागते, हेही तिनेच दाखवायचे.

उन्हाळा घ्या. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर जातो, हे श्रोत्यांना सांगायला नको. ज्यांना गोळ्या घेता येत नाहीत त्यांतल्या काहींना फेंटानिल औषधाची पट्टी देतात. ती कातडीला चिकटवायची, तीन दिवसांनी बदलायची. उष्णतेने या पट्टीतून औषध जास्त वेगाने अंगात शिरते. ताप ४० अंशांवर गेला तर रक्तातले प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने वाढू शकते. म्हणजे पट्टी लावलेल्या जागी गरम पाण्याची पिशवी नको, शेक नको, उन्हात खाट टाकून झोपणे नको, आणि ताप चढला तर लगेच फोन करायचा. काढलेली पट्टी चिकट बाजू आत घडी घालून लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाकायची, कारण तीन दिवसांनीही तिच्यात औषध उरलेले असते. पत्र्याच्या छपराखाली दुपारी रुग्ण कुठे झोपतो, ही चौकशी लंडनच्या नर्सला करावी लागत नसेल. बोदवडच्या नर्सला केलीच पाहिजे.

मॉर्फिनवर असलेल्या जवळपास प्रत्येकाला बद्धकोष्ठ होतो. मळमळ पहिल्या काही दिवसांत ओसरते, सुस्तीही बरीच ओसरते, पण बद्धकोष्ठ औषध असेपर्यंत सोबत राहतो. आपल्याकडचा घरगुती इलाज ठरलेला: केळी खा, रात्री इसबगोल घ्या. केळी खुशाल खावीत. इसबगोल मात्र इथे अंगाशी येऊ शकतो. मॉर्फिनने आतड्यांची हालचालच मंदावलेली असते, पाणी कमी पोटात जात असते, आणि इसबगोल फुगून आतच गोळा होऊन बसतो. इथे आतडी हलवणारे औषध लागते. सोनामुखीचा अर्क असलेली गोळी किंवा तशा जातीचे दुसरे. ते मॉर्फिनच्या पहिल्या दिवसापासून चालू करायचे, चार दिवस संडास बंद झाल्यावर नव्हे. कित्येक रुग्ण मॉर्फिन सोडून देतात ते दुखणे थांबले म्हणून नाही, पोट साफ होत नाही म्हणून. एवढ्या साध्या गोष्टीपायी माणूस पुन्हा वेदनेत लोटला जातो, याचा राग यावा अशीच ही गोष्ट आहे.

पाश्चात्त्य देशांत रुग्ण सुईला घाबरतात, असे तिथल्या प्रश्नावल्यांत दिसते. इथे लोकांना सुईच हवी असते. "सुई लागल्याशिवाय आराम पडत नाही" ही समजूत इतकी पक्की, की गावातल्या दवाखान्यात रोज डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन घेणारे रुग्ण सापडतात. हाडाच्या दुखण्यात या जातीच्या औषधाचा उपयोग आहे, पण त्याला मर्यादा आहे. पोटात व्रण, मूत्रपिंडावर ताण, आणि केमोने रक्तातल्या प्लेटलेट्स कमी झालेल्या असतील तर रक्तस्रावाचा धोका. ज्या मॉर्फिनला लोक भितात ते नीट मोजून दिले तर पोट वा मूत्रपिंड खराब करत नाही. मूत्रपिंड आधीच अधू असेल तर मात्र त्याची मात्रा जपून ठरवावी लागते. केमो चालू असलेल्याने तापात परस्पर पॅरासिटामॉल घेण्याआधी थर्मामीटर लावायचा, कारण पांढऱ्या पेशी कमी असताना आलेला ताप दाबून टाकणे जिवावर बेतू शकते, हेही नर्सने याच बैठकीत सांगायचे. आणि उपवास. एकादशी, चतुर्थी, श्रावण, रमजान. "रिकाम्या पोटी गोळी नको" म्हणून मॉर्फिन चुकवले जाते, खरे तर ते रिकाम्या पोटी चालते. जी रिकाम्या पोटी घेऊ नये ती डायक्लोफेनॅकची गोळी मात्र चहाबरोबर घेतली जाते.

भीतीचे काय? विस्कॉन्सिनच्या सँड्रा वॉर्ड यांनी, त्याही परिचारिकाच, १९९३ मध्ये रुग्ण वेदनाशामक का टाळतात याची मोजदाद केली. व्यसन लागेल, पुढे औषध लागू पडणार नाही, दुखणे वाढले म्हणजे आजार वाढला, डॉक्टरांचे लक्ष मूळ उपचारावरून उडेल, चांगला रुग्ण कुरकुर करत नाही. ही यादी धुळ्याच्या कोणत्याही वॉर्डात वाचून दाखवा, खाटेखाटेवरून होकार येईल. त्यात आपली भर आहे ती वेगळीच: रुग्णाला आजाराचे नावच सांगितलेले नसते. मुलगा फाईल घेऊन आधी आत शिरतो आणि हात जोडून म्हणतो, "अप्पांना काही सांगू नका." त्यामागे प्रेम असते, ते खोटे नाही. पण ज्याला काय झाले आहे हेच ठाऊक नाही, तो आपले दुखणे आपल्या हाती कसे घेणार? त्याला पाच वेळा गोळी का, ती "गॅसची" म्हणून सांगितली आहे तर बंद का करायची नाही, हे कसे कळणार? नर्सला इथे घाई करून चालत नाही. अप्पांना स्वतःला किती जाणून घ्यायचे आहे, हे त्यांनाच हळूहळू विचारावे लागते. बहुतेक वेळा अप्पांना बरेच आधीपासून ठाऊक असते.

बाईचे दुखणे तर घरात सर्वांत शेवटी मोजले जाते. गर्भाशयमुखाचा कॅन्सर झालेली बाई कळ सोसत भाकऱ्या थापते आणि रात्री जादा गोळीसाठी कोणाला उठवत नाही. पाण्याचा तांब्या आणि त्या रात्रीची गोळी उशाशी ठेवण्याची सोय करणे, आणि सासूला व नवऱ्याला समोर बसवून ती तिला उठवून द्यायची हे पक्के करून घेणे, एवढ्यानेही तिची रात्र बदलते. दुखणे कसे आहे हेही तिलाच नीट विचारावे लागते. ठणका आहे की आग होते, मुंग्या येतात की विजेसारखी चमक जाते? आग, मुंग्या आणि चमक हे बहुधा नसेचे दुखणे. त्याला नुसते मॉर्फिन पुरत नाही, वेगळी गोळी जोडावी लागते.

आपल्या हातात घेण्याचे दुखणे कोणते आणि न घेण्याचे कोणते, हेही शिकवावे लागते. पाठीत अचानक कळ, पायांत बळ कमी होणे, लघवी तुंबणे किंवा कळेनाशी होणे ही मणक्यातल्या नसेवर दाब आल्याची लक्षणे असू शकतात. तिथे वही लिहीत बसायचे नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हाक मारूनही जागा न होणारा रुग्ण, अगदी संथ श्वास, हेही तसेच.

आता औषध मिळण्याची गोष्ट, कारण शिकवले आणि गोळीच नसली तर शिकवण्याला अर्थ नाही. मॉर्फिन अफूपासून होते. कायदेशीर अफूचे मळे खानदेशापासून फार लांब नाहीत. सातपुडा आणि विंध्य ओलांडला की माळव्यात मंदसौर, नीमच. नीमचला सरकारचा अफू व अल्कलॉइड कारखाना आहे. अफूचा चीक कायदेशीरपणे तयार करून निर्यात करणारा देश म्हणून भारताचे नाव आहे, आणि तरी १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा आल्यावर इथल्या रुग्णांना मिळणारे मॉर्फिन आटत गेले. रुग्णालयाला एकामागून एक परवाने लागत, एक मिळेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपे, आणि चूक झाली तर शिक्षा कडक. रुग्णालयांनी ते ठेवणेच बंद केले. १९९७ पर्यंत देशाचा वापर वर्षाला अवघ्या १८ किलोंवर आला, जवळपास ९७ टक्क्यांची घट. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फिनसह काही औषधे अत्यावश्यक ठरली, अनेक परवान्यांऐवजी मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था ही एकच मान्यता आली. तरी २०१७ च्या लॅन्सेट आयोगाने हिशेब मांडला तेव्हा भारतात गरजेच्या सुमारे ४ टक्केच वेदनाशामक रुग्णांपर्यंत पोहोचत होते. कायदा सैल झाला, पण हात सैल व्हायला वेळ लागतो आहे. जिल्ह्यात मान्यता असलेल्या संस्था वाढल्या पाहिजेत, आणि तिथली नोंदवही, कुलूप, साठा सांभाळणारी व्यक्ती बहुतेक ठिकाणी नर्सच असणार आहे.

युगांडाने तर २००४ मध्ये खास शिक्षण घेतलेल्या परिचारिकांना मॉर्फिन लिहून देण्याचाच अधिकार दिला, कारण तिथे डॉक्टर पुरेसे नव्हते. भारतात तो अधिकार डॉक्टरांचाच आहे, आणि आज मागणी त्याची नाही. मागणी त्याहून साधी आहे: रुग्णाला आणि घरच्यांना शिकवायला वेळ असलेली नर्स. केरळात १९९३ मध्ये कालिकतला सुरू झालेल्या उपशामक सेवेच्या, म्हणजे आजार बरा होणारा नसला तरी दुखणे हलके ठेवण्याच्या, कामातून हळूहळू पंचायतीपंचायतीत घरी जाणाऱ्या नर्सेस उभ्या राहिल्या आणि २००८ मध्ये राज्याने त्याचे धोरणच केले. महाराष्ट्राचेही धोरण २०१२ मध्ये आले. मुंबईत वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, देशातले पहिले हॉस्पिस ते. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून चालणाऱ्या सिप्लाच्या उपशामक सेवा केंद्रात रुग्णाबरोबर घरचे माणूस राहते आणि घरी जाण्याआधी ड्रेसिंग, नळी, औषधांच्या वेळा सगळे हाताने करून शिकते. ही शेवटची रीत खानदेशाने जशीच्या तशी उचलावी, असे आग्रहाने म्हणावेसे वाटते. त्यासाठी वेगळी इमारत लागत नाही.

माणसे आहेत. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावात २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, दोन्ही जिल्ह्यांत खासगी महाविद्यालये आणि नर्सिंग कॉलेजे आहेत. गावपातळीवर आयुष्मान आरोग्य मंदिरांत समुदाय आरोग्य अधिकारी नेमले आहेत, त्यांतले पुष्कळ जण नर्सिंग शिकलेलेच. त्यांच्या बारा सेवांच्या यादीत उपशामक सेवा लिहिलेली आहे. दारोदार जाणारी आशाताई आहे. भारतीय उपशामक सेवा संघटनेचा नर्सेससाठी छोटा प्रमाणपत्र अभ्यासक्रम अनेक वर्षे चालू आहे. नाही तो वेळ. एका वॉर्डात एका सिस्टरच्या अंगावर इतक्या खाटा, इतकी इंजेक्शने, इतकी कागदपत्रे, की डिस्चार्जच्या वेळी अर्धा तास एका घराला देणे म्हणजे तिने आपल्या जेवणाची सुट्टी देणे. ज्या सिस्टर आजही तसे देतात त्यांच्या नोंदवहीत त्या अर्ध्या तासासाठी रकाना नाही. इंजेक्शन मोजले जाते, ड्रेसिंग मोजले जाते, शिकवणे मोजले जात नाही. म्हणून बदलीच्या, नेमणुकीच्या, पदांच्या हिशेबात ते कुठेच येत नाही.

तो रकाना पाडणे जिल्ह्याच्या हातात आहे. जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयात वेदना शिकवण्याचेच काम असलेली एक सिस्टर, वॉर्डाच्या पाळीतून मोकळी केलेली. तिचा मोबाइल क्रमांक रुग्णाच्या फाईलच्या पहिल्या पानावर, आणि तो क्रमांक पदाचा, व्यक्तीचा नव्हे, म्हणजे ती रजेवर असली तरी कोणीतरी उचलेल. डिस्चार्जनंतर तिसऱ्या दिवशी तिनेच केलेला पहिला फोन, कारण रुग्ण आपणहून करत नाही. परळहून, नाशिकहून परतलेल्या रुग्णानेही तिच्याकडे एकदा जावे, म्हणजे तिथला कागद इथल्या घराला समजेल असा करून मिळेल. आणि त्या रुग्णाच्या गावातल्या आरोग्य मंदिराला एक निरोप, वहीची एक प्रत.

आज सभागृहात ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी पुढच्या तारखेला फाईल हाती पडली की लगेच उठू नये. सिस्टरला थांबवून विचारावे: यातली कोणती गोळी दुखत नसतानाही घ्यायची? मधेच दुखले तर कोणती, आणि किती वेळाने परत? कोणती कुटायची नाही? पोट साफ होण्याची गोळी यात आहे का? गोळ्या संपायच्या किती दिवस आधी यायचे, आणि त्या जवळ कुठे मिळतील? रात्री कोणाला फोन करायचा? उत्तरे वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावीत, आणि शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही तर तो प्रश्न तिथल्या अधीक्षकांना लेखी द्यावा.